दुसरं मुसळ

१

काळ्या रानात बांधकाम करायचं म्हंजे म्हशीच्या पाठीवर पलंग टाकायचा. पावसाळ्यात माती फुगती, उन्हाळ्यात अशी फाटती की शेळीचा पाय आडकतो. म्हणून आता मोठं काम आसलं की आधी जमिनीत दगडाचे खांब घालतेत. मशीननं भोक पाडायचं, भोकात जाळीची लांब पिशवी सोडायची, पिशवीत खडी वतायची, आन वरून लोखंडी ठोकळा आदळून आदळून ती बसवायची. माती नरम, खडीला चौकडून धरत न्हाई, म्हणून जाळी. आमी तिला पायजमा म्हणतो. साहेब लोकांसमोर जाळी.

मी ग्यानोबा, तिथला मुकादम. शाळा चौथीपस्तोर. डोकं लवकर तापतं, ते सगळ्या नायगावला मालूम हाय.

काम नायगावच्या अलीकडं, नाल्याच्या कडंला. एका व्यापाऱ्याचं धान्याचं गोदाम. मशीनवर माहा जावई विनोद. त्याला म्याच लावला. ठोकळा तारेवर वर जातो, दांडी वढली की खाली पडतो. दर थराला जाळीला घड्या पडतेत. मग ठोकळा वर आडकवून विनोद खाली उतरणार, भोकाच्या तोंडाशी गुडघे टेकणार आन खांद्यापस्तोर हात आत घालून घडी वढून काढणार.

माही लेक धम्मप्रिया, आमी प्रिया म्हणतो, बाळंतपणाला माहेरी आलेली. सातवा सरलेला. रोज सकाळी मी निघालो की दारात एकच बोलणं.

"बाबा, ह्यांच्या हाताकडं ध्यान ठिवा."

आधीच्या कामावर एका पोऱ्याची तीन बोटं तारेत गेलेली तिनं बघितली व्हती. मी म्हणायचो, "हाव गं, हाताकडंच बघत बसतो, दुसरं काम काय मला?"

पण बघायचो.

बाकीचे खांब गुमान भरले. नाल्याकडच्या कोपऱ्यातला तेवढा भरंना. सांजंला तोंडापस्तोर भरून ठोकून घरी जावं, सकाळी यावं तर खडी हातभर खाली.

२

पहिल्यांदा वाटलं, नाल्याचं पानी आतून माती नेत आसंल. इंजिनिअर मन्मथ साहेब बी तेच म्हणले. तरणं पोरगं, किल्लारीकडचं, बोलायला नरम. "काका, भरत रहा. कवातरी थांबंल."

दुसऱ्या दिवशी सकाळी म्या भोकाच्या तोंडातून एक दगड उचलला आन माही तळपायाची आग मस्तकात गेली. दगड गुळगुळीत. नदीतल्या गोट्यासारखा.

खडी कशी आसाया पाहिजे? क्रशरची. धारंची. हातात धरली तर बोचाया पाहिजे. धार आसली तरच एकीत एक आडकून बसती. गोटे भरले तर ते पोरांच्या खेळातल्या गोट्यांगत घसरतेत, खांब कशाचा ऱ्हातो? हे मलाबी कळतं.

खडी आणायचा मल्लेश. धर्माबादचा, टिपर त्याचा स्वतःचा. त्यो आला तसा म्या दरवाजा उघडून त्याला खाली वढला.

"नदीतला गोटा घालायला लागलास का रे? आमी काय आंधळे हाव?"

"लेदु, न्हाई अण्णा! देवुडा शपथ! क्रशरवरनं भरलंय, तुमीच बघा की!"

टिपरात चढून बघितलं. काळी, धारंची, बोटाला कापंल आशी खडी. वरची, मधली, खालची, सगळी सारखी.

"आजची बरी हाय," म्या म्हणलं. "कालची कुठून आणली व्हती?"

"कालची बी तिथलीच. अण्णा, तुमी एक बार डॉक्टरला दाखवा. बीपी आसंल."

सगळी हसली. विनोद बी मशीनवर बसून हसला. त्याचं ते हसणं मला बराबर वाटलं न्हाई.

आन आजून एक गोष्ट, जी तवा नीट बघितली न्हाई. भोकाच्या तोंडाशी, जाळीच्या कडंला, राखाडी भुकटी साचली व्हती. पिठागत बारीक. एका बाजूला सारलेली. जशी बाई सुपात पाखडून कोंडा कडंला करती, तशी.

३

माणूस चोरी करतो. दगड आपसूक गोल होत न्हाई. आमच्या घरात भूत-देव कवाच बंद झालेत, माह्या बापानं पाटावरचे देव नाल्यात सोडले ते सोडले. कामाच्या पहिल्या दिवशी बाकीच्यांनी मशीनपुढं नारळ फोडला, म्या खोबरं बी खाल्लं न्हाई. तवा आता मी भुताला घाबरणार? मी माणसावर ध्यान ठिवणार.

म्या लाल ऑइलपेंटचा डबा आणला. दुपारी, कोणी न्हाई बघून, टोपलंभर खडी चांगली रंगवली. वाळली. सांजंला शेवटचा थर भरताना माह्या हातानं वर टाकली. विनोदनं ठोकली. मी घरी आलो.

सकाळी सगळ्यांच्या आधी गेलो. खडी हातभर खाली. वाकून एक दगड काढला. गोल. दुसरा. गोल.

पण लाल रंग व्हता. सगळीकडं न्हाई. दगडाला जिथं खड्डा, खाच, तिथंच. जिथं धार व्हती, कोपरा व्हता, तिथं दगडच न्हवता, तर रंग कुठून राहील? आन कडंला सारलेली भुकटी गुलाबी.

म्हंजे दगड बदलले न्हवते. तेच दगड व्हते.

मी त्यो दगड खिशात घातला. अंगावर काटा आला. आन काटा आला म्हणून आजून राग आला. रात्री कामावर झोपतो कोण? विनोद. मशीन त्याच्या जिम्म्यावर. काहीतरी हाय, पाव्हण्यानं काहीतरी लावलंय. मल्लेशची खडी बाहीर इकायची आन आत काय बाय घालायचं. रंग बी त्यानंच बघितला आसंल, मला येडं बनवायला घासून काढला आसंल.

ह्यात काई आक्कल न्हाई, हे मलाबी कळत व्हतं. टोपलंभर दगड रातभर कोण घासंल? पण दुसरं काय मानावं?

"पाव्हणं," म्या म्हणलं. जावयाला आरंतुरं करता येत न्हाई, शिवी देता येत न्हाई, लई आवघड काम. "रात्री कोणी येतं का हिकडं?"

"न्हाई मामा."

"तुमी कुठं जाता का?"

"कुठं जाणार?" विनोद खाली बघून चहा ढवळत राहिला. मग म्हणला, "मामा, रात्री मशीन बंद आसती ना?"

"हे मला इचारता? तुमीच बंद करता की."

"हाव. मीच करतो," आसं म्हणला, आन चहा तसाच टाकून उठला.

४

आवाज त्याच दिवशी ध्यानात आला. का आधीपासून व्हता आन आमी ऐकत न्हवतो, कोण जाणे.

ठोकळा पडायचा. धप्प. मग तारेनं वर जायचा, तवर इंजिनाची घरघर. पुन्ना धप्प. आता कोपऱ्याच्या खांबावर काय व्हायलं, की धप्प झालं, ठोकळा वर जायला लागला, आन तो आर्ध्यात आसतानाच खालून आजून एक. धप्प. बारीक, दूरचा. बराबर मधोमध. वरचा, खालचा. वरचा, खालचा.

"पत्र्याच्या शेडवरनं आवाज माघारी येतो," विनोद म्हणला. पण माह्याकडं बघून न्हाई म्हणला.

"मग बाकीच्या खांबावर का येत न्हवता?"

मन्मथ साहेबाला बोलावलं. ऐकता ऐकता त्याचं तोंड उतरलं. किल्लारीकडच्या माणसाला जमिनीखालचा आवाज म्हणलं की भूकंपच दिसतो, मग ते त्याच्या मागून जलमलेलं का आसंना. त्यानं काय केलं, स्टीलचा गिलास पाण्यानं भरला, खांबाजवळ फरशीच्या तुकड्यावर ठिवला.

"भूकंपाचं आसंल तर पानी सांगंल. चालवा मशीन."

वरचा ठोकळा पडला. गिलासातल्या पाण्यावर गोल गोल उठले.

मग खालचा आवाज आला. आमी तिघांनीबी ऐकला. पानी आरशावानी थीर.

पुन्ना वरचा. पानी हाललं. पुन्ना खालचा. पानी हाललं न्हाई.

साहेबानं गिलास उचलला. मग पानी वतून दिलं आन म्हणला, "भूकंप न्हाई. ते एक बरं झालं." हसायला गेला, जमलं न्हाई. "काका, आज उद्या हा खांब संपवा. परवा वजन ठिवून तपासणी हाय."

"साहेब, आवाज कशाचा हाय मग?"

"आवाजानं काम आडत न्हाई," त्यो म्हणला आन फटफटीला किक मारली.

५

दुसऱ्या दिवशी दुपारी नागुबाई डबा घेऊन आली. माही बायको. रोज येत न्हाई, त्या दिवशी जावयाला पुरणाचं दिंड केलं व्हतं. विनोद मशीनवर, थर आर्धा व्हता. ती टोपलं डोक्यावर घेऊन तशीच उभी राहिली.

"काय वं, टोपलं उतरव की."

"आत कोण कांडायलंय?"

"कुठं आत?"

"आवाज ऐकायला येत न्हाई का तुमाला? एका उखळात दोन मुसळं चालायल्यात." तिनं टोपलं खाली ठिवलं, हात उचलून दाखवलं. "ही हाणती तवा तिचं वर. ती हाणती तवा हिचं वर. मी आन माही जाऊ आसंच कांडायचो. हात बसल्याबिगर येवढं बराबर येत न्हाई. आतली बाई जुनी हाय."

"बाई?" म्या म्हणलं. "आतली? डोस्कं फिरलं का तुहं? मशीन हाय ते."

"मशीन वरचं. मी खालचं म्हणायले."

मग ती भोकाजवळ गेली. कडंची भुकटी चिमटीत घेऊन चोळली. डबा सोडताना एकदम म्हणली, "पाव्हण्यांना सांगा, आत हात घालायच्या आधी आवाज द्यायचा."

"कसला आवाज?"

"इसरले का? दोघी कांडताना मधी दाणा खालीवर करायचा आसतो. एकीनं 'हात' म्हणायचं. तसं म्हणलं की दुसरीनं मुसळ वरच्यावर धरायचं, हात बाहीर निघस्तोर खाली सोडायचं न्हाई. न्हाईतर बोटं ऱ्हातील का? माह्या सासूनं पहिल्या दिवशी हेच शिकवलं, सैपाक मागून."

विनोद दिंड खात व्हता. त्याचा घास थांबला.

"मामी," तो हळूच म्हणला, "आन खालचीला हात घालायचा आसला तर? ती म्हणंल का?"

"म्हणंलच की. तिला बी बोटं आसतील."

मी दोघांवर खेकसलो. जेवा म्हणलं गुमान. पण त्या दुपारी मला कळलं की पाव्हणा चोर न्हवता. त्यो भ्यालेला व्हता. रात्री एकला झोपून ऐकत व्हता आन सासऱ्याला सांगायची लाज वाटत व्हती.

६

शेवटचा थर व्हता. दिवस मावळतीला आलेला, पण उजेड चांगला व्हता, हे सांगून ठिवतो. आंधारात काय बी दिसतं म्हणणारे लोक आसतेत.

खालचा आवाज चालूच व्हता. वरचा, खालचा. आमच्या अंगवळणी पडला व्हता, तेच मला आता खटकतं. मग काय झालं, खालचा थांबला. म्हंजे वरचा पडला आन मधला आलाच न्हाई. पायरी चुकल्यावानी मला दचकल्यासारखं झालं.

विनोदला बी. त्यानं ठोकळा वर आडकवला. जाळीला घडी पडलेली दिसत व्हती. इंजिन घरघरतच व्हतं. त्यो उतरला, गुडघे टेकले.

"आवाज द्या, पाव्हणं," म्या म्हणलं. मलाच माही लाज वाटली.

इंजिनात त्याला ऐकू गेलं न्हाई. त्यानं बाही सारली, हात आत घालायला लागला.

मी त्याच्या हाताकडं बघत व्हतो. लेकीनं सांगितलं व्हतं तसं. म्हणून मला दिसलं. त्याच्या हाताच्या खाली, वीतभर खाली, खडी उचलली. मधून फुगली. कडंचा दगड मधी आला, मधला कडंला गेला. कोणी ठोकत न्हवतं, काही पडत न्हवतं. खडी आतल्या आत खालीवर व्हायली, सावकाश, काळजीनं, जशी बाई उखळातले दाणे बोटांनी खालीवर करती. भुकटी तेवढी कडंला सारली गेली.

दगडात मधी काय व्हतं ते म्या नीट बघितलं न्हाई. दगडासारखं गोल न्हवतं, येवढं सांगतो. चार व्हते, एका वळीत.

म्या विनोदची कॉलर धरून त्याला मागं वढला. जोर लई लागला. तो माह्या अंगावर आला, मी मागं गेलो, आन माही पाठ मशीनच्या दांडीवर आदळली.

ठोकळा सुटला.

खडीवर लोखंड पडल्याचा आवाज आमी म्हयनाभर ऐकलाय. तो आवाज आला न्हाई. दुसरा आला. तो मी सांगणार न्हाई.

विनोदनं इंजिन बंद केलं. आमी दोघं तिथंच बसलो. कुत्रं लांब भुकत व्हतं. खालून काई न्हाई. मी तासभर कान लावला. काईच न्हाई.

"मामा," विनोद म्हणला, "इंजिन चालू व्हतं."

"मग?"

"तिनं म्हणलं आसंल. आपल्याला ऐकू आलं नसंल."

म्या त्याला पहिल्यांदा आरंतुरं केलं. "गप बस," म्हणलं.

७

सकाळी कोपऱ्याचा खांब काठोकाठ. एक बोट बी खाली न्हाई. वरची खडी धारंची, कालची तशी.

तपासणी झाली. खांबावर लोखंडी पाट ठिवून पोत्यांचा डोंगर रचला, साहेब यंत्र लावून बसला. सगळ्यात भारी आकडा त्याच खांबाचा आला. मन्मथ साहेबानं मला पेढा दिला. "बघा काका, उगं घाबरलो आपुन. पोकळी आसंल खाली, ती भरली. आवाज बंद झाला ना?"

"झाला."

"मग झालं तर."

म्या बी तसंच धरून चाललो. पोकळी व्हती. पानी व्हतं. दगड पाण्यात घासून गोल झाले. दगड हालले ते तळ बसला म्हणून. चार काय दिसलं, तर जाळीचा फाटका तुकडा आसंल. हिशोब बसत व्हता. लाल दगड तेवढा म्या टाकून दिला न्हाई, का टाकला न्हाई ते सांगता येत न्हाई.

गोदामाच्या भिंती उठल्या. मशीन दुसरीकडं गेली. विनोद बाळंतपणापस्तोर आमच्याकडंच ऱ्हायला आला. झोपताना दोन्ही हात छातीवर घेऊन झोपायचा.

८

आमच्या आंगणात उखळ हाय. दगडाचं, जमिनीत पुरलेलं, तोंड तेवढं वर. माह्या आजीच्या येळचं. गिरणीतलं तिखट नागुबाईला चालत न्हाई, काळं तिखट ती वर्साचं घरीच कांडती.

त्या दिवशी दुपारचं मी बाजंवर पडलो व्हतो, आत. बाहीर कांडण चालू. धप्प. धप्प. झोप लागायली व्हती. मिरचीचा ठसका घरात आला, विनोद तिकडं खोकला. मला वाटलं, शेजारची तारामती मदतीला आली आसंल. दोन मुसळं चालायल्यात.

आन माहे डोळे उघडले.

एक धप्प नागुबाईचं. सरळ, भरीव. तिच्या मधी दुसरं. ते पहिल्यावानी न्हवतं. लंगडं व्हतं. तिरकं पडत व्हतं, कडंला घासत व्हतं. मुसळ दोन हातांनी धरायचं आसतं. एका हातानं धरलं की आसंच पडतं.

मी उठलो. दारापस्तोर गेलो.

आंगणात तारामती न्हवती. नागुबाई एकली उभी, एकच मुसळ. प्रिया उखळाजवळ मांडी घालून, पोट सावरून, बाही कोपरापस्तोर सारलेली. नागुबाईचं तोंड पांढरं पडलेलं, पण ती हात थांबवत न्हवती. तिला ऐकू येत व्हतं. ताल मोडायला भ्यायली व्हती. लेकीला काईच ऐकू येत न्हवतं, का आईचाच आवाज वाटत व्हता.

"आई, खालीवर करते," प्रिया म्हणली. आन घरात शिकवलं तसं, हसत, "हात गं."

नागुबाईचं मुसळ वर थांबलं.

दुसरं बी थांबलं.

प्रियाचा हात उखळात, मनगटापस्तोर. ती निवांत मिरच्या फिरवायली. आंगणात चिमणी बी बोलत न्हवती. मी दारात. वरडलो तर? धावलो तर? सगळी जिंदगी म्या वरडून काम केलं. त्या वक्ताला वरडायची हिंमत झाली न्हाई. विनोद माह्या मागं येऊन उभा राहिला, त्याचा श्वास मला मानंवर लागायला.

मी खाली बसलो. मातीवर हात टेकले.

"माय," म्या म्हणलं, हळू. "थांब. माह्या लेकीचा हात हाय."

प्रियानं वर बघितलं. "आई थांबलीच हाय की, बाबा. काय झालं?"

"काई न्हाई. काढ बाई हात. सावकाश काढ."

तिनं बोटं झाडली. मिरचीच्या बिया तेवढ्या चिकटलेल्या, त्या पुसल्या. हात बाहीर आला, पदराला लागला, मांडीवर गेला. पाचही बोटं. म्या मोजली.

तवा खालचं मुसळ पडलं. लंगडं, तिरकं. हात निघाल्यावर, त्याच्या आधी न्हाई.

थांबली ती. आमी थांबलो न्हवतो.

विनोदनं प्रियाला उठवून आत नेलं. म्या उखळात बघितलं. मिरच्या कडंला सारलेल्या व्हत्या, नीट, आन मधली जागा मोकळी.

नागुबाईनं पदरानं घाम पुसला. माह्याकडं बघितलं, उखळाकडं बघितलं. मग मुसळ उचललं.

"आता कशाला?" म्या म्हणलं. "झालं की कांडून. दुपार व्हायली, बंद कर."

"आपलं झालं," ती म्हणली. "तिचं कुठं झालंय? एका हातानं किती वेळ लागंल तिला."

आन तिनं खालच्याची वाट बघितली, बराबर मधोमध धरून, आन हाणलं.